नोटीस कुठं संपते आणि छळ कुठं सुरू होतो?

आमच्या शेजारच्या काकूंचा मोबाइल गेल्या पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात सापडला. हसू नका. तो त्यांनीच तिथं ठेवला होता, टॉवेलात गुंडाळून. रात्री साडेदहाच्या सुमाराला तो वाजायचा आणि काकूंच्या छातीत धडधड सुरू व्हायची. बंद करावा तर मुलगा परगावी, त्याचा फोन येईल ही आशा. म्हणून हा डब्याचा उपाय!

काकूंचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. पुढच्या दोन खोल्यांत त्या कॉलेजच्या पाच मुलींना पेइंग गेस्ट म्हणून ठेवतात, आणि त्यावर त्यांचं घर चालतं. मार्चमध्ये एका कार्यालयाची त्यांना नोटीस आली. (कार्यालय कोणतं ते सांगत नाही. माझी तक्रार तिथल्या एका माणसाबद्दल आहे आणि असा माणूस कुठल्याही कार्यालयात निघू शकतो.) सात दिवसांत तीन कागद हजर करा, असं नोटिशीत लिहिलं होतं. काकूंनी दोन कागद नेऊन दिले. खिडकीमागचा माणूस म्हणाला, "ठेवा तिथं." काकूंनी ठेवले आणि त्या घरी आल्या. पंधरा दिवसांनी तीच नोटीस पुन्हा, अक्षर न अक्षर तीच. मग तिसरी. मग फोन. आणि मग एका कर्मचाऱ्याचे त्याच्या खाजगी मोबाइलवरून मेसेज. पहिला, "कागद आणा." दुसरा, "उद्या सील लागेल." आठवड्याने, "एकट्याच राहता ना? जेवण झालं का?" एका रात्री असे नऊ मेसेज आले.

काकू म्हणाल्या, "मुलींना जायला सांगते आता. नको ही कटकट."

म्हणजे पोटावरच पाय. आणि मी काय म्हणाले असेन? "अहो, सरकारी माणसं ती, दुर्लक्ष करा." मैत्रिणींनो, हा सल्ला दोन्ही बाजूंनी चुकीचा होता. नोटिशीकडे दुर्लक्ष करणं चूक, आणि मेसेज निमूट सोसणं त्याहून चूक. पण यातलं कायद्याचं काम कोणतं आणि छळ कोणता, हे आम्हां दोघींनाही वेगळं काढता येत नव्हतं. मग मी वाचायला बसले, एका ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं, आणि जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे. आज ना उद्या प्रत्येकीच्या दारात कागद येतोच.

नको असलेला कागद म्हणजे छळ नव्हे

पहिली गोष्ट कडू आहे, ती आधी सांगून टाकते. नोटीस आपल्याला नकोशी वाटली म्हणून ती छळ ठरत नाही. नोटीस कुणालाच हवी नसते! खाद्यपदार्थांवर, भाडेकरूंवर, करांवर, दुकानांवर देखरेख ठेवायला सरकारनं खाती नेमली आहेत आणि पत्र पाठवणं हे त्यांचं कामच आहे. त्यांनी ते केलं नाही, तर भेसळीचं तूप आपल्याच मुलांच्या पोटात जाईल. एकदा पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही म्हणून स्मरणपत्र पाठवलं, तर त्याला कुठलंही न्यायालय छळ म्हणणार नाही.

पण सरळ नोटिशीला चेहरा असतो. ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली दिली, तुमचं नेमकं काय चुकलं, ते किती दिवसांत दुरुस्त करायचं, सही कोणाची, जावक क्रमांक आणि तारीख काय, हे तिच्यात लिहिलेलं असतं. उदाहरणादाखल घरी लोणची, मसाले, चकल्या करून विकणाऱ्या भगिनींना लागू असलेला कायदा घ्या. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६. त्याच्या ३२ व्या कलमात 'सुधारणा नोटीस' सांगितली आहे. अधिकाऱ्यानं कारण लिहायचं, चूक लिहायची, उपाय लिहायचा, आणि तो करायला किमान चौदा दिवस द्यायचे. निर्णय पटला नाही तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करता येतं. त्याची मुदत मात्र फार थोडी, पंधरा दिवसांची असते, आणि नोटिशीतली मुदत आधी संपत असेल तर तेवढीच. तेव्हा कागद देवघराच्या फळीवर ठेवून विसरायचा नाही.

आयकर खात्याचंही तसंच. १ ऑक्टोबर २०१९ पासून त्या खात्यानं पत्रांवर एक ओळख क्रमांक घालायला सुरुवात केली. तो क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की पत्र खरं की खोटं ते कळतं. भाचा-पुतण्या कुणी कॉलेजात जाणारा असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.

विलायतेतला एक खटला

मग छळ म्हणायचं तरी कशाला? याचा विचार ब्रिटनमध्ये बराच खोल झाला आहे, म्हणून थोडं तिकडे जाऊन येऊ. तिथं १९९७ साली छळापासून संरक्षण देणारा एक स्वतंत्र कायदा झाला. वागणं एकदाच घडून भागत नाही, निदान दोनदा घडायला हवं. आणि शहाण्या माणसाला 'हा छळ आहे' असं वाटायला हवं.

'ब्रिटिश गॅस' या कंपनीची एक गिऱ्हाईक बाई २००६ साली दुसऱ्या कंपनीकडे गेली. तरी जुन्या कंपनीची बिलं येतच राहिली. मागोमाग धमक्या आल्या. गॅस तोडू, कोर्टात खेचू, तुमची पत घालवू. बाईंचं काही देणं नव्हतं. त्यांनी फोन केले, पत्रं लिहिली, अगदी अध्यक्षांनाही लिहिलं. कुणी दाद घेतली नाही. शेवटी त्यांनीच कंपनीवर दावा लावला. कंपनीचं म्हणणं काय, तर पत्रं यंत्रानं पाठवली होती, बाईंनी ती इतकी मनावर घ्यायला नको होती! २००९ साली अपील न्यायालयानं हे म्हणणं फेटाळलं. यंत्राला काय करायचं ते माणसंच सांगतात, आणि पत्र वाचणाऱ्या बाईला ते आतून कुणी पाठवलं हे कसं कळणार? हा दावा छळाच्या कायद्यात बसू शकतो, तो चालायलाच हवा, असं न्यायाधीशांनी ठरवलं. शेवटचा निकाल नव्हता तो, पण दार उघडलं गेलं.

ही खाजगी कंपनी झाली. सरकारी खात्याचं काय? त्या कायद्यातच सूट आहे. गुन्हा रोखण्यासाठी किंवा उघडकीला आणण्यासाठी, अथवा एखाद्या कायद्याप्रमाणे जे केलं, ते छळ होत नाही. देखरेख करणाऱ्या खात्याला ही ढाल मिळते, आणि मिळायलाच हवी. पण ढालीलाही कड असते. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. एका गृहस्थानं आपल्या जुन्या मालकावर लबाडीचे आरोप करत वर्षानुवर्षं पोलिसांना आणि सरकारी खात्यांना पत्रं लिहिली. चौकशीत काही निघालं नाही, तरी तो थांबेना. 'मी गुन्हाच शोधतोय' असा त्याचा बचाव. न्यायालय म्हणालं, नुसतं म्हणून भागत नाही. त्यामागे थोडाफार तरी तर्क हवा. सगळं तपासून झाल्यावरही त्याच त्या गोष्टीला चिकटून राहणं तर्काबाहेरचं आहे. तो माणूस सरकारी नव्हता. तरीपण 'मी माझं कर्तव्य करतोय' हे शब्द उच्चारले की सगळं माफ होत नाही, एवढं त्यातून नक्की समजतं.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात 'छळ' या नावाचा असा एकच कायदा नाही. आपल्याला तो गोधडीसारखा वेगवेगळ्या तुकड्यांतून जोडून घ्यावा लागतो. पण तुकडे चांगले घट्ट आहेत, बरं का!

पहिला तुकडा १९९३ सालचा. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. एका माणसाला सरकारी प्राधिकरणानं घर देण्यात फार छळलं. त्याला मनस्तापाबद्दल दहा हजार रुपये भरपाई मिळाली होती. न्यायालयानं विचारलं, हे पैसे सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या खिशातून का जावेत? कोणत्या अधिकाऱ्यांमुळे त्रास झाला ते शोधा आणि त्यांच्या पगारातून कापा. सरकारी माणसाला अधिकार लोकांच्या सेवेसाठी दिलेला असतो, त्रास देण्यासाठी नाही, ही गोष्ट त्या निकालानं ठणकावून सांगितली. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. ते प्रकरण ग्राहक कायद्यातलं होतं. प्राधिकरण घर देत होतं, गुप्ता ग्राहक होते. जिथं खातं तुम्हाला काही सेवा विकत नाही, फक्त तपासणी करतं, तिथं ग्राहक न्यायालयाचं दार सहसा उघडत नाही.

दुसरा तुकडा मघाच्याच अन्न कायद्याचा. त्याचं ३९ वं कलम खास अधिकाऱ्यांसाठी आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यानं वाजवी कारण नसताना केवळ त्रास द्यायला माल जप्त केला, किंवा कर्तव्यासाठी गरज नसताना कुणाचं नुकसान होईल असं काही केलं, तर तो गुन्हा, आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. कायदा करणाऱ्यांनाही अशी माणसं ठाऊक होती म्हणायची! पण त्याच कलमाला शेपूट आहे. तक्रार खोटी निघाली तर तक्रार करणाराला पन्नास हजार ते एक लाख दंड. तेव्हा रागाच्या भरात नाही, पुरावा हातात घेऊन बोलायचं.

तिसरा तुकडा बायकांसाठी महत्त्वाचा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिचं ७८ वं कलम पाठलागाबद्दल आहे (जुन्या दंडसंहितेत ते २०१३ साली ३५४-ड म्हणून आलं होतं). बाईनं नको असं स्पष्ट दाखवूनही एखादा पुरुष ओळख वाढवण्यासाठी तिच्या मागे लागतो, पुन्हा पुन्हा संपर्क साधतो, तर पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत. गंमत अशी, की इथंही विलायतेतल्यासारखीच सूट आहे. सरकारनं सोपवलेल्या कामात गुन्हा रोखण्यासाठी किंवा शोधण्यासाठी, अथवा एखाद्या कायद्याप्रमाणे केलेलं वागणं पाठलाग ठरत नाही.

आता काकूंच्या मेसेजना ही फूटपट्टी लावून पाहा. "कागद आणा" हे कायद्यातलं. "जेवण झालं का, एकट्याच राहता ना" हे कोणत्या कायद्याप्रमाणे? इथं ढाल गळून पडते आणि उरतो तो फक्त एका बाईला रात्री त्रास देणारा पुरुष. शब्दांनी बाईची अब्रू दुखावली तर त्याच संहितेचं ७९ वं कलम आहे. जिवाची, मालमत्तेची किंवा अब्रूची भीती घातली तर ३५१ वं. आणि सरकारी नोकरानं कुणाचं नुकसान व्हावं म्हणून जाणूनबुजून कायदा मोडला तर १९८ वं. सरकारी नोकरानं कामाच्या ओघात केलेल्या कृत्यावर खटला चालवायला वरून मंजुरी लागू शकते, हे खरं आहे. पण रात्री जेवणाची चौकशी हे कुणाच्याही कामाच्या ओघात येत नाही.

चार प्रश्न

काकूंचं प्रकरण घेऊन आम्ही वहीच्या एका पानावर उभी रेघ मारली. डावीकडे 'काम', उजवीकडे 'छळ'. आणि प्रत्येक पत्राला, फोनला, मेसेजला चार प्रश्न विचारले. तुम्हीही हेच विचारा.

१. हे पाठवण्याचा याला अधिकार आहे का? कायदा, कलम, सही, क्रमांक आहे का?

२. मी उत्तर दिल्यावर ते कुणी वाचलं का? उत्तर हातात असूनही तेच पत्र पुन्हा पुन्हा येतंय का?

३. वेळ, भाषा आणि मार्ग कामाला शोभणारे आहेत का? कार्यालयाच्या पत्त्यावरून दिवसा आलेलं पत्र वेगळं. खाजगी मोबाइलवरून रात्री आलेला मेसेज वेगळा.

४. यातून कायद्याचं काम साधतंय, की दुसरं काही मागितलं जातंय? पैसे, भेट, किंवा नुसती आपली भीती?

खरं सांगते, डावीकडचा रकाना आमच्या अपेक्षेपेक्षा लांब निघाला. पहिली नोटीस अगदी रीतसर होती. आणि तिसरा कागद काकूंनी खरंच दिलेला नव्हता! तो कपाटात यजमानांच्या जुन्या कागदांत होता आणि ते कपाट उघडायला काकूंचा हात धजत नव्हता. म्हणजे दुसरी नोटीसही पूर्णपणे गैर म्हणता येत नव्हती. पण नऊ मेसेज उजवीकडे गेले आणि त्यांच्याबद्दल आमच्या मनात शंका उरली नाही. दोन्ही रकाने खरे असू शकतात, मैत्रिणींनो. आपली एक चूक असली म्हणून समोरच्याला आपल्याला रात्री छळण्याचा परवाना मिळत नाही.

आता करायचं काय?

कागदाला कागदानं उत्तर द्या. मुदतीच्या आत, लेखी, थोडक्यात. "ठेवा तिथं" म्हटलं तर ठेवू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. ती पोच. पोच मिळत नसेल तर पोस्टात जा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवली आहे, तेव्हा स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा जपून ठेवा. पोच नसलेलं उत्तर म्हणजे मीठ न घातलेली आमटी. केली खरी, पण उपयोग शून्य.

एकदाच, स्पष्ट शब्दांत नको म्हणा. मेसेज करणाराला एवढंच लिहा: "कामासंबंधी जे असेल ते कार्यालयाच्या पत्राने कळवावे. या क्रमांकावर मेसेज किंवा फोन करू नये." वाद नको, शिव्या नकोत, विनवण्याही नकोत. हा 'नको' पुढे फार कामाचा आहे. ७८ व्या कलमात बाईनं नापसंती स्पष्ट दाखवली होती का, हेच पाहतात.

काही पुसू नका. घाण वाटते म्हणून आपण मेसेज पुसून टाकतो. तो पुरावा असतो. फोन जपा, पडद्याचे फोटो काढून ठेवा, वहीत तारीख, वेळ, मजकूर लिहा. न्यायालयात असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे एक प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देतील, पण मूळ मेसेज जागेवर हवेत.

वरच्या अधिकाऱ्याला लिहा. महाराष्ट्रात २००५ साली दफ्तर दिरंगाईचा कायदा झाला. कोणतीही फाइल एका सरकारी नोकराकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं त्यात आहे. माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांत विचारता येतं, 'माझ्या अमुक तारखेच्या उत्तरावर काय कारवाई झाली?' तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अनेकदा या एका अर्जानंच फाइल हलते. एवढ्यानं भागलं नाही तर १९७१ च्या कायद्यानं महाराष्ट्रात आलेलं लोकायुक्ताचं कार्यालय आहे.

पैसे मागितले तर देऊन मोकळं होऊ नका. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. त्याहून बरं म्हणजे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या क्रमांकावर सांगावं.

मेसेज घाणेरडे असतील तर पोलीस. ११२ क्रमांक आहे, कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, १९९३ साली स्थापन झालेला राज्य महिला आयोग आहे. 'सरकारी माणसाविरुद्ध कशी तक्रार करू' हा संकोच सोडा. तक्रार त्या माणसाविरुद्ध आहे, सरकारविरुद्ध नाही.

खोटे साहेब

एक धोक्याची सूचना दिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. नोटिशीची आपल्याला वाटते ती भीती चोरांनी चांगली ओळखली आहे. "मी टेलिफोन नियामकाच्या ऑफिसातून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल," असा फोन येतो. हे साफ खोटं. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, स्वतःच जाहीर केलंय की नंबर बंद करण्याबद्दल ते ग्राहकांना फोन किंवा मेसेज करत नाहीत. त्यापुढची पायरी म्हणजे "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही." असली अटक आपल्या कायद्यात नाहीच. फोन ठेवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला कळवा, एकेक तास मोलाचा असतो.

खऱ्या पोलिसांबद्दलही दोन गोष्टी जाणून असा. जबाबासाठी साक्षीदार बाईला ठाण्यात यायला लावता येत नाही, तिच्या राहत्या घरीच जबाब घ्यायचा असतो. आणि चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची जी नोटीस असते, ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. हे सगळ्या खात्यांना लागू नाही हं! आयकर खात्याची नोटीस ई-मेलनं येऊ शकते आणि ती खरी असते. कर्ज थकलं असेल आणि बँकेची माणसं फोन करत असतील, तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नको, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली बजावलं आहे.

काकूंचं पुढे काय झालं?

काकूंना तक्रार करायची नव्हती. "राग धरतील हो. उद्या पुन्हा तिथंच जायचंय मला." या भीतीला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. ती भीती खोटी नाही. म्हणून आम्ही एका वेळी एकच पायरी चढलो. आधी यजमानांचं कपाट उघडलं. त्या दुपारी काकू खूप रडल्या, पण कागद सापडला. तो जोडून उत्तर लिहिलं आणि पोच घेतली. म्हणजे आपल्या बाजूचं खरकटं आधी धुऊन टाकलं. त्याच दिवशी त्या माणसाला 'नको'चा मेसेज गेला. त्याच रात्री त्याचे आणखी दोन आले. तेव्हा मात्र काकूंनीच वही उघडली आणि म्हणाल्या, "चल, लिहू या." वरिष्ठांना पत्र गेलं. सोबत तारखांची यादी आणि मेसेजचे छापील फोटो होते. त्या पत्राची पोच घेताना काकूंचा हात थरथरत होता, पण सही त्यांनी स्वतःच घेतली.

त्या माणसाला काय शिक्षा झाली ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. मेसेज बंद झाले. दीड महिन्यानं एक पत्र आलं, दिवसा, टपालानं: कागद मिळाले, प्रकरण निकाली काढले आहे. पाचही मुली अजून पुढच्या खोल्यांत आहेत, आणि त्यातली एक कायद्याची विद्यार्थिनी आता काकूंची फाइल लावून देते.

तांदळाच्या डब्यात आता तांदूळ आहेत. फोन उशाशी असतो. परवा रात्री दहाला वाजला तेव्हा काकूंनी सावकाश चष्मा लावला, नाव वाचलं आणि मगच उचलला. मुलाचा होता.

तुमच्या घरी असा एखादा कागद फळीवर पडला असेल, तर आजच खाली काढा. वाचा, तारीख पाहा, वहीत रेघ मारा. डावीकडचं मुदतीत निपटा. उजवीकडचं मुळीच सोसू नका.